तेरा लाख की सहा लाख? सेरेंगेटीच्या वाइल्डबीस्टचं गणित गवतात आहे

सप्टेंबर २०२५मध्ये एक बातमी जगभर फिरली. टांझानिया आणि केनिया या दोन देशांत मिळून दरवर्षी फेरा मारणाऱ्या वाइल्डबीस्टची संख्या आजवर तेरा लाखांच्या घरात धरली जायची. उपग्रहाने काढलेल्या फोटोंवरून संगणकाने मोजदाद केली, तर ती सहा लाखसुद्धा भरेना. वाचणाऱ्याच्या मनात साहजिकच प्रश्न आला: उरलेली सात लाख गेली कुठे?

त्याआधी जुलैमध्ये सेरेंगेटीचाच एक व्हिडिओ गाजला होता. नदीकाठी सफारीच्या गाड्यांची दाटी, पर्यटक खाली उतरून मोबाइल रोखून उभे, आणि पाण्यात शिरायला आलेल्या कळपाची वाटच अडलेली. त्यावर आपल्याकडेही लोक तावातावाने बोलले. बोलणाऱ्यांपैकी काहींनी पुढच्या जुलैचं बुकिंग आधीच करून ठेवलेलं असणार, पण ते असो.

दोन्ही बातम्यांच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. या स्थलांतराकडे आपण एखाद्या कार्यक्रमासारखं बघतो, जुलै-ऑगस्टमध्ये अमुक नदीवर होणारा. प्रत्यक्षात ते बारा महिने चाललेलं चालणं आहे, आणि ते गवताच्या मागे आहे. गवत समजलं की आकडा समजतो, नदी समजते आणि तिथली भांडणंही समजतात.

आधी जागा आणि जनावर

सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान टांझानियाच्या उत्तर भागात आहे. १९५१ साली ते स्थापन झालं. क्षेत्रफळ १४,७६३ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याहून किंचित कमी. आग्नेयेला गोरोंगोरो, उत्तरेला सीमेपलीकडे केनियाचं मासाई मारा, पश्चिमेला आणि नैर्ऋत्येला आणखी काही राखीव रानं. हे सगळं धरून पंचवीस ते तीस हजार चौरस किलोमीटरचा टापू होतो. जनावरांच्या लेखी तो सगळा एकच आहे. नकाशावरच्या रेघा त्यांना कुणी दाखवलेल्या नाहीत.

वाइल्डबीस्ट, दुसरं नाव नू, हे कुरंगकुळातलं जनावर. काळवीट, नीलगाय त्याच गोतावळ्यातले. पण दिसायला ते हरणासारखं अजिबात नाही. तोंड गाईसारखं लांबोडकं, हनुवटीला दाढी, खांद्याशी उंच आणि मागे उतरती पाठ. वजन दोनशे किलोच्या आसपास. एकटं उभं असलं तर बेंगरूळ दिसतं, हे कबूल करायला हवं. मात्र त्याचं रुंद, सपाट तोंड आखूड गवत जमिनीलगत कापायला बनलेलं आहे, आणि उतरत्या पाठीचं ते अंग न दमता मैलोन् मैल चालतं.

आता सॅव्हाना म्हणजे काय, हे एकदाच सांगून टाकतो. सलग गवत आणि त्यात सुटी सुटी झाडं असलेला उष्ण प्रदेश म्हणजे सॅव्हाना. झाडांच्या सावल्या एकमेकींना भिडत नाहीत, म्हणून जमिनीपर्यंत ऊन पोचतं, आणि इथल्या गवतांना ऊन लागतंच. सावलीत ती खुरटतात.

गवताची एक खुबी मात्र जवळून बघण्यासारखी आहे. झाडाची फांदी शेंड्याला वाढते, शेंडा खुडला की तिची वाढ तिथेच अडते. गवताचं पातं बुडाकडून वाढतं. जुना, टोकाचा भाग वर ढकलला जातो आणि नवा भाग मातीलगत तयार होत राहतो. म्हणून टोक खाल्लं, तुडवलं, जाळलं, तरी गवताच्या वाढीचं ठिकाण शाबूत राहतं. पुढच्या सरीला हिरवी लव पुन्हा वर येते. तोंड आणि आग या दोन्ही गोष्टी गवताने लाखो वर्षं सोसल्या आहेत, आणि त्यांनी दरवेळी जास्त नुकसान केलं ते गवताशी स्पर्धा करणाऱ्या रोपांचं.

पाणी उत्तरेला आहे, मग तिथेच का राहत नाहीत?

हा प्रश्न अगदी रास्त आहे. सेरेंगेटीच्या आग्नेय टोकाला वर्षाला साधारण ५०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि वायव्येकडे सरकत गेलं की तो हजाराच्या पुढे जातो. उत्तरेतली मारा नदी ऐन उन्हाळ्यातही आटत नाही. तरी पावसाळा लागला रे लागला की लाखो जनावरं ते बारमाही पाणी सोडून कोरड्या आग्नेयेकडे चालू पडतात.

कारण तिथल्या मातीत आहे. आग्नेयेला गोरोंगोरोचा ज्वालामुखी डोंगराळ भाग आहे, आणि त्याच्याही पलीकडे ओल दोइन्यो लेंगाई नावाचा ज्वालामुखी आजही जागा आहे. २००७-०८ साली त्याचा मोठा स्फोट झाला. त्याचा लाव्हा जगावेगळा, सोडा आणि चुन्याच्या जातीचा. या डोंगरांची राख हजारो वर्षं वाऱ्याबरोबर पश्चिमेला येऊन मैदानावर बसत गेली. राखेतला चुना पावसात विरघळला, खाली झिरपला आणि थोड्याच खोलीवर घट्ट होऊन त्याचा सिमेंटसारखा थर बनला. झाडाची मुळं त्या थरातून खाली जात नाहीत. म्हणून आग्नेय मैदानावर नजर पोचेल तिथवर झाड दिसत नाही. दिसतं ते बोटभर उंचीचं गवत, आणि मधूनमधून ग्रॅनाइटच्या प्रचंड गोट्यांची टेकाडं, ज्यांच्यावर सिंह ऊन खात पडलेले असतात.

त्या बोटभर गवतात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर आहे. वासराला दूध पाजणाऱ्या मादीला नेमकं हेच हवं असतं. उत्तरेतलं गवत कमरेएवढं वाढतं, पण त्यात काडी जास्त आणि सत्त्व कमी. शिवाय उंच गवतात सिंह दडतो. बोटभर गवतात त्याला दडता येत नाही.

म्हणजे हिशेब असा: पाऊस आहे तोवर आग्नेयेचं सकस गवत खायचं. ते मैदान वाळलं, डबकी आटली, की पोट भरण्यापुरतं का होईना पण मिळेल अशा उत्तरेला जायचं. ढग पुन्हा आग्नेयेला दिसले की परत फिरायचं. डिसेंबर ते एप्रिल आग्नेय मैदानं, मे-जूनमध्ये पश्चिमेकडून वर, जुलै ते ऑक्टोबर उत्तर सेरेंगेटी आणि मासाई मारा, नोव्हेंबरात परतीची वाट. तारखा दरवर्षी पुढेमागे होतात, कारण पाऊस पुढेमागे होतो.

महाराष्ट्रात हा हिशेब नवा नाही. आपले मेंढपाळ धनगर पावसाळ्यात माणदेशासारख्या कमी पावसाच्या माळांवर राहतात आणि दिवाळीच्या सुमारास घाट उतरून कोकणात जातात. पाऊस कोकणात धो धो, तर मग पावसाळ्यातच तिकडे का जात नाहीत? कारण त्या चिखलात मेंढरांचे खूर कुजतात, रोगराई होते. माळावरचं कोवळं गवत मेंढराला मानवतं. माळ करपला की कोकणातल्या कापणी झालेल्या खाचरांत मेंढरं बसवायची, त्यांच्या लेंड्यांनी शेताला खत मिळतं आणि शेतकरी त्याबदल्यात धान्य किंवा पैसे देतो. मृगाआधी पुन्हा घाट चढायचा. वाइल्डबीस्टच्या फेऱ्यात शेतकरी नाही, एवढाच फरक. शेण-मूत जमिनीत परत जायचं काम तिथेही होतं आणि शेणकिडे ते गाडत राहतात.

या फेऱ्यात वाइल्डबीस्ट एकटी नाहीत. दोन लाखांहून अधिक झेब्रे बरोबर असतात, आणि चिंकाऱ्याच्या जवळच्या नात्यातली लाखो थॉमसन गॅझेल. बहुतेक ठिकाणी झेब्रे पुढे असतात. त्यांचं पोट रवंथ करणारं नाही; निकस, काड्यांचं गवत ते भरपूर खातात आणि झपाट्याने पुढे ढकलतात. वरचं जून गवत झेब्र्यांनी उडवलं की खालची पाती वाइल्डबीस्टना मिळतात, आणि ती कापून गेल्यावर फुटणारे नाजूक धुमारे गॅझेलना. कुणी कुणावर उपकार करत नसतं, पण पंगत लागोपाठ उठते.

सिंह-मगरी एवढे असताना कळप संपत कसे नाहीत?

टीव्हीवरच्या कार्यक्रमांनी आपल्या डोक्यात भरवलंय की तिथली मुख्य घटना म्हणजे शिकार. सेरेंगेटीत सिंह साधारण तीन हजार आहेत, तरसं त्याहून जास्त. तरीही स्थलांतर करणाऱ्या वाइल्डबीस्टची संख्या सिंह ठरवत नाहीत. ती ठरते कोरड्या महिन्यांत किती गवत उरतं त्यावर. मेलेल्या जनावरांची हाडं फोडून आतली मज्जा तपासणाऱ्या संशोधकांना दिसलं की बहुतेक प्रौढ जनावरं उपासमारीने खंगून मरतात.

सिंहाची अडचण साधी आहे. त्याचा ठरलेला मुलूख असतो, पिल्लं असतात, त्यांना घेऊन दोन-तीनशे किलोमीटर चालणं त्याला जमत नाही. कळप आला की चंगळ, कळप गेला की रानडुक्कर आणि म्हशी यांच्यावर भागवायचं. तरसांनी यावर तोड काढली आहे. सेरेंगेटीतल्या तरस माद्या पिल्लांना बिळात ठेवून चाळीस-पन्नास किलोमीटरवर असलेल्या कळपापर्यंत जातात, खातात, आणि दूध पाजायला परत येतात. पुन्हा जातात. हे वाचल्यापासून तरसाबद्दलचं माझं मत फार सुधारलं आहे.

जन्माची वेळही कळपाच्या बाजूने आहे. फेब्रुवारीच्या आसपास अवघ्या तीन आठवड्यांत बहुतेक सगळी वासरं जन्मतात, लाखोंच्या संख्येने. वासरू काही मिनिटांत उभं राहतं आणि लवकरच आईबरोबर पळूही लागतं. त्या तीन आठवड्यांत सिंह-तरसांनी कितीही खाल्लं तरी त्यांच्या पोटाला मर्यादा आहेच.

मगरींचं तर आणखी वेगळं आहे. मारा नदी ओलांडताना सरासरी दरवर्षी सहा हजारांवर वाइल्डबीस्ट बुडतात. मगरी मारतात ती जनावरं वेगळीच. ही चेंगराचेंगरीत, उभ्या काठावर घसरून, प्रवाहात सापडून मेलेली. जवळजवळ अकराशे टन मांस नदीला मिळतं. त्यातलं मगरींच्या पोटात किती जातं? जेमतेम दोन टक्के. मगर थंड रक्ताची, एकदा जेवली की कित्येक आठवडे निवांत. गिधाडं आणि मराबू करकोचे थोडंफार नेतात. बाकीचं पाण्यात कुजतं, माशांच्या पोटात जातं, किड्यांच्या पोटात जातं. हाडं कुजायला सात-सात वर्षं लागतात. त्यांतून फॉस्फरस हळूहळू सुटतो आणि हाडांवर वाढणारं शेवाळ मासे वर्षभर चरत राहतात. पर्यटक पंधरा मिनिटांचं दृश्य बघून हळहळतो, पण नदीचं त्यावर कित्येक वर्षं चालतं.

हे रान मुळापासून असंच होतं का?

इथे मला जरा जास्त वेळ थांबायचंय, कारण सेरेंगेटीची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सिंहाची नाही, एका गुरांच्या रोगाची आहे. बुळकांडी. आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्यांना हे नाव ऐकूनही धडकी भरायची. ताप, तोंडात फोड, रक्ताची हगवण, आणि आठवड्या-दीड आठवड्यात गोठा रिकामा. या रोगाने हिंदुस्थानात इतका हाहाकार केला होता, की गुरांच्या रोगांचा अभ्यास करायला १८८९ साली पुण्यात प्रयोगशाळा उघडावी लागली. तीच पुढे मुक्तेश्वरला गेली आणि आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था झाली.

जवळपास त्याच काळात, १८८७च्या सुमारास, हा रोग आफ्रिकेच्या लाल समुद्राकाठी उतरला. इटालियन सैन्यासाठी आणलेल्या गुरांबरोबर तो आला. ती गुरं हिंदुस्थानातली असावीत असं अनेकांचं मत आहे. दहा वर्षांत तो खंडाच्या दक्षिण टोकाला पोचला. आफ्रिकेतल्या गुरांना या विषाणूची ओळखच नव्हती. शंभरातली ऐंशी-नव्वद गुरं मेली. मासाई लोकांचं सगळं जगणं गुरांवर. ते उपासमारीने आणि त्यापाठोपाठ आलेल्या देवीच्या साथीने मेले. रानातली खुरवाली जनावरंही पटापट मेली, वाइल्डबीस्ट आणि रेडे सगळ्यांत जास्त.

त्यानंतर आलेल्या युरोपियनांना ओसाड, माणूस नसलेली मैदानं दिसली, आणि त्यांनी ठरवून टाकलं की आफ्रिका ही अशीच, माणसाचा हात न लागलेली. राष्ट्रीय उद्यानांच्या कल्पनेत ही समजूत खोलवर मुरली आहे. साथीने रिकाम्या केलेल्या जागेला त्यांनी मूळची रिकामी जागा मानलं.

बुळकांडी पुढची साठ-सत्तर वर्षं तिथे ठाण मांडून होती. वाइल्डबीस्टची वासरं आईच्या दुधातून मिळालेली प्रतिकारशक्ती संपली की वर्षाच्या आत मरायची. त्या वेळी बहुतेकांना वाटायचं, रोग रानातल्या जनावरांत आहे आणि तिथून तो गुरांना होतो. मग वॉल्टर प्लॉराइट या पशुवैद्याने केनियात सहकाऱ्यांबरोबर स्वस्त आणि खात्रीची लस तयार केली आणि उद्यानाच्या आजूबाजूच्या गुरांना लस टोचण्याची मोहीम जोरात सुरू झाली. लस फक्त गुरांना. रानात कुणी सुई घेऊन गेलं नाही. तरी १९६३च्या सुमारास वाइल्डबीस्टमधूनही रोग नाहीसा झाला. रोगाचा साठा रानात नव्हताच. तो गुरांत होता, आणि गुरं सुरक्षित होताच रानातली साखळी आपोआप तुटली. २०११मध्ये बुळकांडी जगातून संपल्याचं जाहीर झालं. माणसातली देवी सोडली तर आपण समूळ नाहीसा केलेला हा एकमेव रोग.

आता पुढची गंमत पाहा. १९६१च्या सुमारास अडीच लाखांच्या आसपास असलेली वाइल्डबीस्ट १९७७पर्यंत तेरा लाखांवर गेली. एवढी तोंडं वाढल्यावर गवत आखूड झालं. पूर्वी उंच, वाळकं गवत दर वर्षी वणव्यात जळायचं, उद्यानाचा फार मोठा भाग काळा व्हायचा. आता जळायला गवतच कमी उरलं. वणवे घटले, म्हणून बाभळीची रोपं तगली, उत्तरेकडच्या भागात झाडी वाढली. झाडी वाढली तसा जमिनीत आणि लाकडात कार्बन साठायला लागला. हवेत कार्बन सोडणारा टापू हवेतला कार्बन शोषणारा झाला. गोठ्यातल्या गाईला टोचलेल्या सुईने वीस-तीस वर्षांत एका राष्ट्रीय उद्यानाचं रूप पालटलं.

आपण म्हणतो, सेरेंगेटीत वाइल्डबीस्ट राहतात. वाइल्डबीस्ट आहेत म्हणून सेरेंगेटी असं दिसतं, हे त्याहून जास्त खरं आहे.

मग ती निम्मी झाली की नाही?

आता आकड्याकडे येऊ. एवढी जनावरं कुणी एकेक मोजत नाही. विमानाने ठरावीक अंतरावरच्या समांतर रेषांवरून उडायचं, खाली सरळ फोटो काढत जायचं, फोटोंतली जनावरं मोजायची आणि त्यावरून अख्ख्या मैदानाचा अंदाज बांधायचा. शितावरून भाताची परीक्षा. पण कळप मैदानभर सारखा पसरलेला नसतो. एखाद्या रेषेखाली वीस हजार येतात, तर शेजारच्या रेषेखाली एकही नाही. म्हणून अंदाज लाख-दोन लाखांनी इकडेतिकडे होऊ शकतो.

गोंधळ पहिल्यापासूनचाच आहे. १९५८मध्ये बेर्नहार्ड झिमेक आणि त्यांचा मुलगा मिखाएल या जर्मन बापलेकांनी झेब्र्यासारखे पट्टे रंगवलेल्या छोट्या विमानातून मोजणी केली आणि वाइल्डबीस्टचा आकडा ९९,४८१ असा दिला. मिखाएल पुढच्याच वर्षी विमानाला गिधाड आपटून झालेल्या अपघातात गेले. आणखी दोन-तीन वर्षांत इतरांनी मोजलं तर अडीच लाखांवर निघाली. जनावरं एवढ्यात एवढी वाढत नसतात, म्हणजे पहिल्या मोजणीत बरीच सुटली होती.

२०२५ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीसाठी २०२२ आणि २०२३च्या ऑगस्टमधले उपग्रहाचे फोटो वापरले. त्यांत एक जनावर म्हणजे जेमतेम काही ठिपके. कळपातली हजारो जनावरं आधी माणसांनी खुणा करून संगणकाला ओळखायला शिकवली, मग त्याने बाकीची मोजली. दोन्ही वर्षी आकडा सहा लाखांच्या आत राहिला. या पद्धतीचा फायदा असा की फोटोच्या चौकटीत जे आहे ते सगळं मोजलं जातं, अंदाजाने गुणायची वेळ येत नाही. तोटाही तोच: चौकटीबाहेरचं आणि झाडाखालचं मोजलंच जात नाही. ऑगस्टमध्ये सगळेच कळप त्या चौकटीत असतात असं नाही. जनावरं घटलीच आहेत असा निष्कर्ष संशोधकांनीही काढलेला नाही.

माझं मत विचाराल तर सात लाख जनावरं गुपचूप मरणं अशक्य आहे. तेवढी मेली असती तर मैदानं सांगाड्यांनी भरली असती, गवत कमरेएवढं वाढून वणवे पेटले असते आणि तरस उपाशी फिरले असते. वर सांगितलेली साखळी उलटी फिरताना कुणाच्या तरी डोळ्यांवर आलीच असती. जुना आकडा फुगलेला असणं मात्र शक्य आहे, आणि तो तपासून पाहायला हवा.

नुसतं गवतच आहे, झाडं का लावत नाहीत?

मराठी माणूस हा प्रश्न हमखास विचारतो, कारण शाळेपासून आपल्याला झाड म्हणजे पुण्य हेच शिकवलं आहे. जिथे मातीखाली चुन्याचा थर आहे तिथे झाड जगणार नाही, हे एक. आणि जिथे जगेल तिथे दाट सावली पडून गवत मरेल, मग गवतावर जगणारं सगळंच उठेल. गवताळ रान म्हणजे बिघडलेलं जंगल नव्हे. ते आपल्या जागी पूर्ण आहे.

आपल्याकडे हीच चूक झाली. सोलापूर, नगर, सातारा भागातल्या माळांवर सरकारी कागदांत पडीक जमीन असा शिक्का बसला आणि कित्येक ठिकाणी खड्डे खणून गिरिपुष्प आणि निलगिरी लावली. सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यातला माळढोक पक्षी जवळजवळ गेला त्याला एवढंच कारण नाही, पण हेही आहे. काही संशोधकांनी अलीकडे जुन्या मराठी ओव्या आणि आख्यानांतले झाडाझुडपांचे उल्लेख तपासले, तर पश्चिम महाराष्ट्रातले हे माळ निदान साडेसातशे वर्षं असेच उघडे, काटेरी झाडांचे आहेत असं दिसलं. माळावरून चालताना कपड्यांत शिरणारी कुसळी पूर्व आफ्रिकेच्या गवतातही सापडते.

उद्यान राखीव आहे, मग धोका कसला?

धोका उद्यानाच्या बाहेर आहे. सबंध फेऱ्यातला एखादा तुकडा जरी बंद झाला तरी फेरा मोडतो. ऐन कोरड्या महिन्यांत मारा नदीचं पाणी नसेल तर बाकीचे महिने कितीही गवत असून उपयोग नाही; आणि ती नदी उगम पावते उद्यानापासून दूर, केनियाच्या माऊ डोंगरातल्या जंगलात, जिथे तोड होऊन शेतं झाली आहेत.

फेरा मोडला की काय होतं हे अनुमानाने सांगायची गरज नाही. माराच्या ईशान्येला लोइटा नावाची मैदानं आहेत. तिथून मारात ये-जा करणारा एक वेगळा, लहान कळप होता. १९७०च्या दशकाच्या शेवटी त्यात सव्वा लाखाच्या आसपास वाइल्डबीस्ट होती. जमिनीचे खासगी तुकडे पडले, शेती आली, तारेची कुंपणं आली. २०१६पर्यंत वीस हजारांच्या आसपास उरली. बोट्स्वानात, कलहारीत, गुरांना रोग होऊ नये म्हणून लांबच लांब कुंपणं घातली गेली आणि १९८०च्या दशकातल्या दुष्काळात पाण्याकडे निघालेली वाइल्डबीस्ट त्या तारांशी हजारोंनी मेली. २०१०मध्ये टांझानियाने उत्तर सेरेंगेटीतून पक्का महामार्ग काढायचं ठरवलं तेव्हा एवढा गदारोळ झाला तो याच भीतीने. प्रकरण पूर्व आफ्रिकेच्या न्यायालयात गेलं आणि २०१४ साली त्या न्यायालयाने उद्यानातून डांबरी रस्ता काढणं बेकायदा ठरवलं.

म्हणजे माणसांना हटवा, असं कुणी म्हणेल. ते करून झालं आहे. १९५९मध्ये सेरेंगेटीतून मासाईंना बाहेर काढून गोरोंगोरोत वसवलं. २०२२च्या जूनमध्ये उद्यानाला लागून असलेल्या लोलिओंडोत पंधराशे चौरस किलोमीटर जमीन आखून घेताना मासाई आणि पोलिसांत रक्तपात झाला. मला यात न्याय दिसत नाही, शहाणपणही दिसत नाही. मासाई गुरं आणि वाइल्डबीस्ट शेकडो वर्षं एकाच गवतावर राहिली आहेत. वाइल्डबीस्टच्या नवजात वासरांतून गुरांना जीवघेणा ताप होतो, हे मासाईंना कुठल्याही प्रयोगशाळेआधी माहीत होतं. विण्याच्या हंगामात ते गुरं त्या मैदानांपासून लांब नेतात. कुंपण ही त्यांची जुनी सवय नव्हे, जमिनीचे सातबारे वेगळे झाल्यावर आलेली गोष्ट आहे.

केनियाच्या बाजूला त्यावर एक उपाय चालू आहे. मासाई जमीनमालक शेजारशेजारचे तुकडे एकत्र करून पर्यटन कंपन्यांना भाड्याने देतात. अट अशी की कुंपण नाही, गुरं ठरल्या वेळी आणि ठरल्या जागी चरतील. भाडं दरमहा येतं तोवर हे चालतं. २०२०मध्ये कोविडने विमानं थांबली तेव्हा भाडं कापलं गेलं, आणि एकाच धंद्यावर सगळा भार टाकणं किती कच्चं आहे ते दिसलं.

मग आम्ही जाऊच नये का?

जा की. तिथलं रान राखायचा बराचसा खर्च पर्यटकांच्या पैशातूनच निघतो. पण नदीवर गेलात तर गाडीतून उतरू नका, तो नियमच आहे, आणि कळप पाण्यात शिरेपर्यंत काठापासून लांब थांबायला चालकाला आधीच सांगून ठेवा. तुम्ही सांगितलं नाहीत तर टिपच्या आशेने तो गाडी पुढे घालणार, त्यात त्याची एकट्याची चूक नाही. पुढची पाच-दहा जनावरं बिचकली की मागची हजारो परत फिरतात आणि मग तासन् तास कुणालाच काही दिसत नाही.

जुलै महाग वाटत असेल तर फेब्रुवारीत आग्नेयेला, एन्डुटूच्या बाजूला जा. वासरं, चित्ते, आणि क्षितिजापर्यंत आखूड हिरवं गवत. नदी मात्र नाही, हे घरच्यांना आधी सांगा. एप्रिल-मेमध्ये दर आणखी उतरतात, पण तेव्हा कळप पश्चिमेकडच्या काळ्या जमिनीकडे निघालेले असतात, आणि पावसात काळी जमीन काय करते हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. गाडी रुतली की धक्का मारायला कधीकधी खाली उतरावं लागतं. त्या वेळी मात्र आधी गवतात नीट बघून घ्या.